पहिला नियम : ताट आपापलं

२ जानेवारी १९८६

छापणार! माझी नियमावली छापणार! मंडळ चालवणाऱ्या विद्याधरकाकांचा ऑफिसात फोन आला. साहेबांच्या टेबलाशी उभं राहून घ्यावा लागला, त्यामुळे नुसतं "हो काका, हो काका" करत राहिले. आमचं निसर्ग मंडळ दोनशे प्रती काढणार. 'तळ्याकाठी राहताना'. खाली - शब्दांकन : चंपा साळवे. आणि पंचवीस-सव्वीसच्या शिबिराची प्रमुख पण मीच.

प्रेमा शेजारच्या टाइपरायटरवरून ओरडली, "झकास! पार्टी दे." मी म्हटलं, मंडळात तू मला नेलंस, तूच दे. शेवटी माझ्या डब्यातली वांग्याची भाजी तिने संपवली, झाली पार्टी.

बाकी ऑफिस सुतकात. सव्वीस जानेवारी रविवारी आलीय ना! एक सुट्टी बुडाली.

५ जानेवारी

सकाळी प्रेमा, मी आणि मंडळाचे चौघे नॅशनल पार्कात, तुळशी तलावावर. थर्टीफर्स्टची घाण उचलायला. परवानगी नाही, काही नाही, कुठून घुसतात कोण जाणे. पाच पोती भरली. बाटल्या, कागदी प्लेटी, कोंबडीची पिसं, एक उशी. उशी! तळ्यात उतरून कुणीतरी मटणाचं पातेलं साबणाने घासलेलं, दगडांवर फेस वाळून चिकटलेला. हेच पाणी शहर पितं. सांगायचं कुणाला? गाढवापुढे वाचली गीता.

म्हणून मी शिबिरात खाष्ट होते. होतेच! स्टोव्ह घेऊन या, लाकडाला हात लावायचा नाही. ट्रान्झिस्टर घरी. खरकटं खड्ड्यात. नेलं तेवढं सगळं परत आणायचं, केळीचं साल पण. आणि पहिला नियम : प्रत्येकाने आपलं ताट घरून आणायचं, आपण राखेने घासायचं, पाण्यापासून पन्नास पावलं लांब. कागदी प्लेटी नकोत, भांड्यांचा ढीग नको, तळ्यावर गर्दी नको. एका ताटात सगळी शिस्त येते. हा माझा सर्वांत लाडका नियम.

गेल्या वर्षी कांदिवलीची लता ताट विसरली. मी म्हटलं, थांब, माझं जेवण झालं की घासून देते. तर म्हणाली, "नको गं, नियम म्हणजे नियम." पळसाची पानं तोडून त्यावर जेवली. पानं तोडायची नाहीत हा सातवा नियम! पण पहिल्यासाठी सातवा मोडला म्हणून मी काही बोलले नाही. उलट बरं वाटलं. म्हटलं, निदान एक तरी माणूस नियम पाळतंय.

८ जानेवारी

काकांना प्रस्तावनेत कान्हेरीचं घालायचंय. चौऱ्याऐंशीच्या शिबिरात त्यांनी लेण्यांत बसून सांगितलं होतं ते - इथले भिक्खूसुद्धा आपलं पात्र आपल्याजवळ ठेवत, दुसऱ्याच्या भांड्यावर विसंबत नसत. बोलताना माझ्याकडे बघून हसले होते. मला काय अभिमान वाटला! घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा नुसते "हूं" म्हणाले.

बाबांचं माझ्या शिबिरांशी तसं जमत नाहीच. पहिल्या वेळी, ब्याऐंशीच्या डिसेंबरात, मी ताट बांधायला घेतलं तर म्हणाले, आण इकडे. साकीनाक्याहून पाळी करून आलेले, दमलेले, तरी तसेच भांडेवाल्याकडे गेले आणि नाव घालून आणलं : चंपा अंबादास. मी हसले - बाबा, जंगलात कोण चोरतंय? म्हणाले, "आपलं ताट आपल्याला वळखू यावं."

आणि परत आले की तेच ताट मोरीत पुन्हा घासत बसतात! राखेने घासलेलं त्यांना पटत नाही.

१२ जानेवारी

परवानगीचं पत्र द्यायला एकटीच तुळशीवर. राखणदार सहदेवमामा चौकीतच होते. चहा केला. मग म्हणाले, "बाये, एक काम कर. ह्यां तुमचां सामान एकदा घेवन जा. माका पाय ठेवक जागा नाय."

कोपऱ्यात गोणपाटाखाली लाकडी खोका. उघडला. थाळ्या! चाळीस तरी असतील, वर मंडळाचं नाव आणि १९७६. धुळीने माखलेल्या, पण चांगल्या जाड.

मंडळाच्या थाळ्या आहेत? मला कोणी कधी बोललं नाही.

मामा सांगायला लागले. पूर्वी सगळे एका पंगतीला बसत. विद्याधरकाका स्वतः वाढत. दोघादोघांनी मिळून राखेने घासायच्या, त्या पलीकडच्या कातळावर, पाण्यापासून लांब. ढीग नाही, गर्दी नाही, काही नाही. मग ब्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर काका आले, म्हणाले, थाळ्या आत ठेवा, आता ज्याचं तो आणील.

"कां ता माका नाय सांगल्यानी," मामा म्हणाले.

मला पण नाही.

१३ जानेवारी

मी फॉर्म भरला ब्याऐंशीच्या दिवाळीत. फॉर्मवर आडनाव होतं. पत्ता होता.

१४ जानेवारी

काहीतरीच! तीनशे पासष्ट दिवसांचं एक वर्ष, त्यात कशानंतर काहीही होऊ शकतं. थाळ्या वाहून नेणं जड पडत असेल. असं दिवसभर घोकलं. पण थाळ्या तर चौकीतच असतात, वाहून न्यायच्या कुठे?

आणखी एक आठवलं. तीन शिबिरं झाली, स्वयंपाकाची पाळी मला एकदाही आली नाही. "तू शिस्त बघ चंपा, ते तुझ्याइतकं कुणाला जमत नाही." मी किती फुगले होते!

१६ जानेवारी

विचारलं. जेवणाच्या सुट्टीत, डबे उघडे असताना. प्रेमाचा हात माझ्या डब्यात होता. तो तिथेच थांबला.

"तुला कोण बोललं?"

म्हणजे खरं.

मग सगळं भडाभडा सांगितलं तिने. दोन-चार जुन्या लोकांनी फॉर्म बघून काकांना म्हटलं, पंगतीत अडचण होईल, आमच्या घरी चालत नाही. माझं नाव उडवणार होते. "मीच मग सुचवलं, ज्याने त्याने आपलं ताट आणूया. साबणाचं, कचऱ्याचं कारण पण होतंच ना! काकांना पण सुटल्यासारखं झालं. तुला कळलं पण नाही, बघ! मी तुझ्यासाठीच केलं यार. मी तुझ्या डब्यातलं खाते ना रोज?"

खाते. रोज खाते. म्हणून तर जास्त झोंबलं. लताचं मी एक वेळ सहन करीन. लता मला कोण लागते? पण ही मला तीन वर्षं त्या ताटासकट मिरवताना बघत होती. गेल्या शिबिरात कुणीतरी मंडळाची भांडी असायला हवीत असं म्हणालं, तेव्हा मी भाषण ठोकलं होतं. स्वावलंबनावर! प्रेमा समोर बसून ऐकत होती.

रडली. रडायचं होतं मी, आणि रडली ती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. ह्याचाच सर्वांत जास्त राग येतोय.

१९ जानेवारी

झोप धड नाही. एकेक आठवतं आणि उलटं होऊन बसतं. पळसाची पानं. काकांचं कान्हेरी. तिथे बसून, त्या दगडांत, आमच्याच बुद्धाच्या भिक्खूंची साक्ष काढली त्यांनी! आणि मी मान डोलावली. नंदीबैल बरा, त्याला निदान दोरीने धरलेलं असतं.

छापखान्याचं प्रूफ आलंय. पहिला नियम, पहिलाच. खाली माझं नाव. मला बाहेर ठेवायचा नियम माझ्याच हातून लिहून घेतला, आणि पहारा पण मलाच दिला. असा चौकीदार फुकटात कुणाला मिळतो?

आणि वाईट हे, की नियम खोटा पण नाही. साबण खरंच जात नाही पाण्यात. कचरा खरंच कमी झाला. वाईट माणसांनी वाईट नियम केला असता तर फाडून मोकळी झाले असते.

२१ जानेवारी

प्रेमा म्हणते, "आजारी आहे सांग, नको येऊस." मंडळ सोडायचं तरी गुपचूप, म्हणजे परत सगळ्यांची सोय.

मी जाणार. प्रमुख आहे मी.

२६ जानेवारी

आत्ताच घरी पोचले. हात दुखतायत.

काल सकाळी सगळ्यांच्या आधी पोचून सहदेवमामांना म्हटलं, खोका काढा. आम्ही एकतीस जण, म्हणून एकतीस थाळ्या कातळावर राखेने घासल्या. मामांनी पाणी उपसून दिलं. मग मी स्टोव्ह पेटवून बसले. पिठलं, भात, ठेचा. ज्यांची पाळी होती ते आले, त्यांना म्हटलं, तुम्ही तंबू बघा, आज मी करते.

दुपारी सगळे आपापली ताटं घेऊन आले. मी म्हटलं, "ताटं पिशवीत ठेवा. आज मंडळाच्या थाळ्या. एका पंगतीला बसा, मी वाढते."

काका म्हणाले, "चंपा, अगं, नियम तूच लिहिलास ना?"

"हो काका. लिहिला मीच, खोडते पण मीच."

नव्या पोरापोरींना तर पत्ताच नव्हता, त्यांनी पटापट थाळ्या उचलल्या. थाळी म्हणजे थाळी, भूक लागली होती त्यांना. जुन्यांपैकी एकाचं पोट बिघडलं. दोघे म्हणाले, आम्ही येतानाच खाऊन आलो. लताचा शनिवारचा उपास निघाला. गेल्या वर्षी शनिवारीच पळसाच्या पानावर दोनदा भात घेतला होता बाईने! मी म्हटलं, "उपास का? मग केळी आहेत, मी आणलीत." ती पण तिने घेतली नाहीत. केळ्याला तर साल असतं.

प्रेमा पहिल्या जागेवर बसली. तीनदा पिठलं मागितलं. वाढलं. बोलले नाही.

काका बराच वेळ उभे होते. मग खाली बसले, सगळं जेवले, भाताचं शीत सोडलं नाही. थाळी उचलून कातळावर गेले, पन्नास पावलं मोजून, आणि सावकाश घासली. परत आणून खोक्यात ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्याबद्दल काय ते मला ठरवता येत नाही.

आज निघताना झेंडावंदन झालं, सगळ्यांनी कचरा मोजून पिशव्यांत भरला. जागा चकाचक. आपण इथे राहिलो होतो असं कुणाला वाटणारही नाही. दरवेळी मला ह्याचाच आनंद व्हायचा.

२९ जानेवारी

प्रूफ परत पाठवलं. पहिला नियम आता असा : मंडळाच्या थाळ्या वापराव्यात, एका पंगतीला बसावं, दोघादोघांनी राखेने घासाव्यात, पाण्यापासून पन्नास पावलं दूर. कान्हेरीचा परिच्छेद काट मारून उडवला. छापायचं तर हेच छापा, नाहीतर माझं नाव काढा, असं वर लिहिलं.

अजून फोन नाही. तिघांनी राजीनामे दिलेत म्हणे. प्रेमाने टाइपरायटरवरून न बघता सांगितलं. डबा ती खिडकीशी बसून एकटी खाते. खाऊ दे.

२ फेब्रुवारी

आज बाबांना सगळं सांगितलं. पंगत, लताचा उपास, काकांना दिलेलं उत्तर, रंगवून रंगवून. वाटलं होतं, भडकतील. निदान शाबास म्हणतील.

बाबांनी फळीवरून माझं ताट काढलं, नावावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "गावाला आमी च्या प्याया जायाचो तर कप न्हाई, आपापल्या नारळाच्या नरोटीतनं प्यायाचो. हाटेलामागं खुंटीला टांगल्याल्या असायच्या, ज्याची त्याला. वळखू याव्या म्हणून खुणा करायचो. तू पयल्यांदा ताट बांधलंस, तवाच समजलो मी."

"मग बोलला का नाहीत बाबा?"

"मला वाटलं, तुला ठावं हाय. ठावं आसून जाती. बापाला कळू नये म्हणून हसून दाखवती. मग म्या बी नाय बोललो."

ताट घेऊन ते मोरीत घासायला बसले. मी वरून पाणी घातलं.