तंबूतला चहा

आबा, तुमचे नियम काल पुन्हा वाचले. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी राधानगरीच्या अलीकडे जंगलालगत जागा घेऊन तंबूंचा कॅम्प सुरू केला आहे. शनिवार-रविवारी पुण्याहून, बेळगावहून लोक येतात, रंगीत तंबूत राहतात आणि हौसेनं स्वतःच्या हातानं काहीबाही शिजवून खातात. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एका जोडप्यानं तंबूची चेन लावून आतच गॅसची शेगडी पेटवली. दोघं गुंगीत सापडली, थोडक्यात वाचली. तेव्हापासून या मंडळींना तुमची फार आठवण यायला लागली. शिबिरातल्या स्वयंपाकाचे तुमचे नियम मोठ्या बोर्डावर लिहून कॅम्पच्या दाराशी लावायचं त्यांनी ठरवलं. त्यांच्यातला जो पुढारी आहे, त्यानं मजकूर मला फोनवर पाठवला आणि मागोमाग फोन केला. "ताई, तुमचं आयुष्य पेपरात गेलं. तेवढं शुद्धलेखन बघून द्या की. पाचला बोर्डवाल्याकडं द्यायचंय." पाचला म्हटलं की पाचच्या आत हातावेगळं करायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मी चष्मा पुसला आणि कामाला बसले.

नियम सगळे बरोबर आहेत. हे कबूल करायला मला आवडत नाही, पण बरोबर आहेत. तंबूच्या आत विस्तव नाही. चूल किंवा स्टोव्ह तंबूपासून लांब, वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला, म्हणजे ठिणगी उडाली तर कापडावर येणार नाही. स्टोव्ह सपाट दगडावर ठेवायचा; सतरंजीवर नाही, डब्याच्या झाकणावर नाही. तेल भरायचं ते स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर आणि जाळापासून दूर. ओढणी, पदर, केस बांधून घ्यायचे. शेजारी पाण्याची बादली भरलेली हवी. जेवण झाल्यावर उबेसाठी म्हणून निखारे घमेल्यात घालून तंबूत न्यायचे नाहीत, कारण त्यातून निघणारी विषारी हवा ना दिसते ना तिला वास येतो, आणि झोपलेल्या माणसाला ती उठवत नाही. इतक्या वर्षांत मी स्टोव्हच्या आणि शेगड्यांच्या किती बातम्या नीट करून छापायला सोडल्या, त्यातल्या बहुतेकांचं कारण तुमच्या या ओळींतच कुठंतरी सापडलं असतं. तीन ठिकाणी वेलांट्या चुकल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या. मग सगळ्यात खाली, चौकटीत, तुमची गोष्ट आली. 'सरांच्या स्वतःच्या मुलीचा पाय आईच्या क्षणभराच्या दुर्लक्षामुळे भाजला. त्या दिवसापासून सरांनी नियम अधिक कडक केले.' या मजकुरात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

तुम्ही हायस्कूलचे व्यायामशिक्षक होतात आणि श्रावणातलं शिबिर तुमचं होतं. आचारी कधी नव्हताच. दर वर्षी आई यायची. सगळे म्हणायचे, वैनींच्या हातच्या आमटीसाठी तर आम्ही येतो. मी तेव्हा चौथीत असेन. पन्हाळ्याच्या पलीकडचं ते पठार मला आजही डोळे मिटून दाखवता येईल. गुडघाभर गवत, मध्येच काळे कातळ, आणि पाऊस वरून पडत नव्हता, आडवा येत होता. खाकी कापडाचे तंबू भिजून जड झाले होते. आई लांब, वाऱ्याच्या बाजूला, चार काठ्यांवर ताणलेल्या ताडपत्रीखाली पंपाचा स्टोव्ह घेऊन बसली होती. तिच्या पायाखालून पाणी वाहत होतं. स्टोव्ह विझायचा, ती पिन मारायची, पंप मारायची, पुन्हा पेटवायची. सकाळी एकदा तिनं तंबूपाशी येऊन विचारलं, "दाराशी बसू का? पडदा वर बांधून? वारा टिकूच देईना झालाय." तुम्ही तिला उत्तर दिलं नाहीत, पोरांना दिलंत. "बघा रे. नियम घरच्यांना वेगळा नाही. बायको असली म्हणून काय झालं?" एका पोरानं टाळी वाजवली. आई पुन्हा ताडपत्रीखाली जाऊन बसली. मी तिच्याकडे जायला निघाले तर तुम्ही माझ्या दंडाला धरून आत बसवलंत. भिजशील म्हणालात.

दुपारी जीप येते. संस्थेचे चेअरमन शिबिर बघायला आले आहेत, रस्ता संपल्यावर चालत यावं लागल्यानं धोतरासकट भिजले आहेत आणि कुडकुडताहेत. तुम्ही त्यांना आपल्या तंबूत बसवता, तुमची घोंगडी त्यांच्या अंगावर टाकता आणि पडद्यातून डोकं बाहेर काढून ओरडता, "अगं, स्टोव्ह दे इकडं."

"भात अर्ध्यावर आहे हो."

"उतरून ठेव. साहेब भिजलेत."

"आणि आत?" आई विचारते. एवढंच विचारते.

पातेली उचलायला उभे असलेले शिपाईमामा हसतात. "सर, आत न्हाय म्हंता की तुम्हीच."

"तू गप रे. पाच मिनिटांचं काम."

चेअरमन आतून म्हणतात, "असू दे हो सर, चहा कशाला?" पण ते काही उठत नाहीत. आई भाताचं पातेलं पावसात उतरवते, वर ताट उपडं घालते आणि स्टोव्ह मामांच्या हातात देते. तुम्ही वारा येतो म्हणून पडदा खाली सोडता. बिस्किटांच्या डब्याचं झाकण सतरंजीवर उलटं ठेवून त्यावर स्टोव्ह मांडता. सतरंजीखाली गवत, गवताखाली चिखल. रॉकेलच्या वासानं डोळ्यांतून पाणी येतं, पण स्टोव्हचा तो फर्रर्र आवाज सुरू होतो आणि तंबू तांबूस होतो. चहाला उकळी येते. तुम्ही एका हातात सांडशी धरून दुसऱ्या हातानं साहेबांना पेला देताना थोडे वळता. झाकण माझ्या बाजूला दबतं आणि उकळता चहा कलंडतो.

पुढचं मला आवाजांनी आठवतं. माझं ओरडणं, साहेबांचं "अरे अरे", आणि पडदा बाजूला झाल्याचा. त्या दिवशी आई पहिल्यांदा तंबूच्या आत आली ती तेव्हा. तिनं आधी स्टोव्हची हवा सोडली. तुम्ही म्हणत होता, "शाई लावा, कुणाकडं दौत आहे का बघा." मामा टूथपेस्ट शोधत होते. आईनं कुणाचंच ऐकलं नाही. मला काखेत उचलून बाहेर नेलं आणि ताडपत्रीच्या कडेवरून पावसाच्या पाण्याची जी धार पडत होती, तिच्याखाली माझा डावा पाय धरून बसली. मी रडत होते, थंडी वाजत होती, पाय काढून घ्यायला बघत होते. तिनं सोडला नाही. "पाणीच. दुसरं काय न्हाय," एवढंच म्हणत राहिली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की पाय त्या पाण्यानं वाचला. रात्री पोरांनी अर्धाकच्चा भात खाल्ला. कुणीतरी त्यावरूनही तिला चिडवलं.

इथवर झालं ते अपघातात धरता येतं, आबा. बातमीत मी ते अपघात म्हणूनच लिहिलं असतं. पण पुढच्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात जे झालं, ते अपघात नव्हतं. सगळी शाळा बसलेली, चेअरमन व्यासपीठावर, गळ्यात हार. तुम्ही मला पट्टी बांधलेल्या पायानिशी टेबलावर उभं केलंत. "ही माझीच मुलगी. आईजवळ खेळत होती. आईचं क्षणभर लक्ष नव्हतं. म्हणून सांगतो, विस्तवाशी खेळ नको." मी साहेबांकडे बघत होते. ते तंबूत होते. त्यांच्याच पेल्यासाठी तो चहा उकळत होता. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. आई मागच्या रांगेत बायकांमध्ये बसली होती. बायका वळून तिच्याकडे बघत होत्या.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं तुम्हाला विचारलं, "स्टोव्ह आत कुणी नेला होता?" आवाज चढवला नव्हता. भाकरी थापता थापता विचारलं. तुम्ही पाटावर बसला होता. "पोरांना शिकवायचंय मला. मीच मोडला म्हणून सांगितलं तर नियम कोण पाळेल? तुझं काय जातंय त्यात?" आईनं भाकरी उलटली आणि तुमच्या ताटात वाढली.

काय गेलं ते सांगते. तुम्ही ती गोष्ट दर वर्षी सांगितलीत. आधी शाळेत, मग दुसऱ्या शाळांत, मग सत्कारांना. गल्लीत आईकडं कुणी तान्हं मूल सोपवून जायचं तर हसत हसत "लक्ष ठेवा हं काकी" म्हणून जायचं. मला बघायला मुरगूडहून पाहुणे आले, तेव्हा पोहे घेऊन आलेल्या आईसमोरच माझ्या आत्यानं पायाच्या डागाचा खुलासा केला, "तिच्या आईचं लक्ष नव्हतं तेव्हा." तुम्ही तिथंच खुर्चीवर होता. तुम्ही पोह्यांवर लिंबू पिळलंत. पाय भाजला त्याच साली तुम्ही शाळेचे सुपरवायझर झाला होता. चहामुळं झालात असं मी म्हणत नाही. छापता येईल असा पुरावा माझ्याकडं नाही.

आणि पैंजण. पट्टी सुटल्यावर तुम्ही मुद्दाम हुपरीला जाऊन माझ्यासाठी चांदीची पैंजणं आणलीत. बारीक घुंगरांची, सुंदर होती. डाव्या पायाची कातडी कोवळी होती, घुंगरू घासून आग व्हायची, म्हणून आईनं एकाच पायात घातलं. तुम्ही विचारलंत, "दुसरं कुठाय?" आई म्हणाली, "तो पाय बरा झाला की घालूया." पाय बरा झाला. दुसरं पैंजण तिनं डब्यातून कधीच बाहेर काढलं नाही, मीही मागितलं नाही. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत, यावरून तुम्हाला कळलं होतं असं मी धरून चालते.

तर काल ती चौकट मी आईला वाचून दाखवली. ती आता थकली आहे, पण कान शाबूत आहेत. लसूण सोलत बसली होती. म्हटलं, "काढून टाकते ही गोष्ट."

"काढू नको," ती म्हणाली. "दुरुस्त कर."

मी दुरुस्त केली. चार ओळींत. नियम करणाऱ्यानंच एकदा पाहुण्यासाठी नियम मोडला, तंबूत चहा केला आणि मुलीचा पाय भाजला. कुणालाही शिवी नाही, जादा शब्द नाही. पाठवली. पाच मिनिटांत त्या पुढाऱ्याचा फोन. "ताई, हे खरं हाय?"

"पाय माझाय रे."

"व्हय ताई, पण... सर आम्हाला देवासारखे. दारातल्या बोर्डावर असं कसं लिहायचं? त्यापेक्षा गोष्टच काढूया की. नुसते नियम ठेवूया. भानगडच नको."

मी हो म्हटलं. दोन बाजू जुळत नसतील आणि वेळ संपत आली असेल तर परिच्छेद उडवायचा, हे माझ्या टेबलावर इतक्यांदा झालं आहे की हो म्हणायला मला जडही गेलं नाही. आईला सांगितलं. तिच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "म्हणजे मी कुठंच न्हाय," ती म्हणाली. खोट्यात तरी ती होती, आबा. खरं सांगायला गेले आणि तिला त्यातूनही बाहेर काढून आले.

म्हटलं, भाजल्यावर काय करायचं ते तुझ्या नावानं घालते. तिनं हात उडवला. "नाव कशाला? गार पाणी तेवढं घाल. आणि शाई लावू नका म्हणावं." ते घातलं. तुमच्या नियमांत ते कधीच नव्हतं. शाई आता राहिली नाही, म्हणून टूथपेस्ट लिहिलं. मग पाचला थोडा वेळ उरला होता, तेव्हा मी वर जाऊन तुमच्या पहिल्या नियमाला तीन शब्द जोडले. मला शुद्धलेखन बघायला सांगितलं होतं, तरी जोडले. तंबूच्या आत विस्तव नाही. कोणीही आलं तरी. त्याचा लगेच निरोप आला, "ताई, हे लई भारी. सरच बोलायलेत असं वाटतंय."

आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "चेअरमन आला तरी?"

"चेअरमन आला तरी."

ती इतकी हसली की मांडीवरची लसणाची टरफलं सगळी खाली सांडली. खूप दिवसांत तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

हे पत्र तुमच्यासाठी लिहिलं, पण तुम्हाला पोचायची सोय नाही. आईला वाचून दाखवावं असं मनात आलं. दाखवणार नाही, ते एका गोष्टीसाठी. झाकण दबायच्या आधी तुम्ही पडदा सोडला होता, स्टोव्ह लागला होता, घोंगडीचा, चहाचा आणि रॉकेलचा वास एकत्र आला होता, आणि तुम्ही माझ्याकडे बघून डोळे मिचकावले होते. बाहेर पाऊस कोसळत होता. आत ऊब होती, आबा. मला फार बरं वाटत होतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.