ताकदीची सुई

तुळिंज, नालासोपारा (पूर्व)
ऑक्टोबर २००३

तीर्थस्वरूप मामा,

तुळिंजहून प्रल्हादचा नमस्कार. (वाकूनच, पण बेताने, दंड वाढल्याने सदरा काखेत उसवतो.) तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि कपिला गाय, तिघांची खुशाली कळवावी. आम्ही मजेत आहोत.

माझा फोटो पाहून आणि सुयांचं ऐकून तुम्ही विचारलंत, हे शरीर कसल्या सुयांनी कमावलंस, त्या सुरक्षित आहेत का, आणि असल्यास मलाही दोन पाठव. मामा, पूर्ण सुरक्षित! सविस्तर सांगतो.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी घरात पाळणा नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मामी दोष विनयाला देतात. मी कुणालाच देत नव्हतो. माझं म्हणणं एवढंच, की माझी ताकद थोडी कमी पडतेय. म्हणून व्यायामशाळेत गेलो. तिथला शिकवणारा फेबियन, राजोडीचा, म्हणाला, "सर, नुसत्या अंड्यांनी काय होनार? टेस्टोस्टेरॉन घ्या. पुरुषाचंच हार्मोन, पुरुषाला काय करनार? एकदम सेफ, घोड्याला पन देतात." घोड्यांच्या घरी पाळणा रिकामा राहिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. दर आठवड्याला कुल्ल्यात सुई टोचून घेऊ लागलो. (मामींना वाचून दाखवताना 'दंडात' म्हणावं.)

परिणाम उत्तम! दंड फुगले, छाती फुगली. (छाती जरा जास्तच, आणि दुखरी, सध्या सैल सदऱ्याखाली झाकतो.) छत्तिसाव्या वर्षी तोंडावर मुरमं आली, म्हणजे तारुण्य परतलं हे उघडच आहे. केस गेले, पण ते आपल्या घराण्यात जातातच. विनया म्हणते मी घोरतो; मी त्या वेळी झोपेत असल्याने मला ते मान्य करता येत नाही. राग मात्र खरोखरच वाढला. पाचूबंदरला मासळीच्या लिलावात एक गृहस्थ माझ्याकडे बघून हसले, एवढ्यावरून मी बोली चढवत नेली आणि अख्खी पाटी बोंबील गळ्यात मारून घेतले. मग डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी त्याच पाटीत बसलो. मासळी विकणाऱ्या पुतळाबाई म्हणाल्या, "दादा, तोंड लालभडक झालंय तुजं. पानी पी नि डाक्टरकडं जा. बोंबील कुठं पलून जात नाय."

डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या. रक्तदाब चढलेला, रक्त दाट झालेलं. मी म्हटलं, दाट म्हणजे कसदारच ना? त्या हसल्या नाहीत. मूल व्हावं म्हणून सुया घेतो असं सांगितल्यावर तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "सोसायटीत रोज टँकर आला तर विहिरीचा पंप कोण चालू करेल? हार्मोन बाहेरून मिळतंय म्हटल्यावर तुमच्या शरीराने आपलं काम थांबवलंय. बीजच तयार होत नाहीये." सुया बंद केल्यावर बहुतेकांचं काही महिन्यांत पूर्ववत होतं, म्हणाल्या, पण खात्री कुणालाच देत नाहीत. सुया बंद करून मी रजा टाकून घरी आहे. तेव्हा एवढं सोडलं, तर औषध अगदी निर्धोक आहे. काळजी नसावी.

तुमचा भाचा,
प्रल्हाद

ता. क. तुमच्या सुया पाठवत नाही. तुमचं हृदय आहे तसंच बरं आहे.

पुन्हा ता. क. खरं मागणं हे. विनयाच्या सगळ्या तपासण्या पूर्वीच झाल्या, सगळ्या ठीक आल्या. सहा वर्षांत तपासून घ्यायचं राहिलं ते फक्त माझं. मामींनी तिला लावून दिलेले सोमवारचे कडक उपास अजून चालू आहेत. ती वाळत चाललीय आणि मी आरशापुढे दंड फुगवतोय. मला लाज वाटते, मामा. मामींना तुम्हीच सांगा, मला त्यांच्यापुढे तोंड उघडवत नाही. उपास आता बंद, आणि बोल लावायचा तर मला लावा म्हणावं.

आणखी एक. पत्र पाकिटात घालण्याआधी विनयाला वाचायला दिलं. ती वाचून आत गेली आणि आज सोमवार असूनही भर दुपारी दोन पानं वाढली. भाजी अळणी होती (माझा रक्तदाब). तरी तिने दोनदा घेतली.