आधी माझा हात

४ जून, मंगळवार
मशीन बिघडलंय! रोज पहिला पेशंट घ्यायच्या आधी मी स्वतःचा हात तपासते. कोपराखाली बीपीचा पट्टा आवळायचा, हात जड होईपर्यंत थांबायचं आणि एकदम सोडायचा. रक्ताचा लोंढा येतो. मग रक्ताच्या नळीच्या आतलं पातळ अस्तर बाहेरच्या स्नायूला सांगतं — बाबा रे, सैल सोड. सोनोग्राफीच्या पडद्यावर नळी रुंदावताना दिसते. इथे येणाऱ्यांच्या नळ्या बहुतेक अडून बसलेल्या, म्हणून मशीन पारखायला एक धडधाकट हात लागतो. तो माझा. डॉक्टरबाई चिडवतात, "तुमचा हात म्हणजे आमचं प्रमाण!"
आज प्रमाण ढिम्म हललं नाही.

६ जून
आजही तेच. पट्टा बदलला, जेल बदललं, मशीन बंद करून चालू केलं. काही नाही.
घरी सासूबाईंच्या रात्रभर हाका. नवरा म्हणतो, "आई माझ्या हातून औषध घेतच नाही गं, तुझ्याच हातून घेते." किती सोयीचं!

७ जून
एक बस-ड्रायव्हर आला. जिना चढताना छाती भरून येते म्हणाला. त्याचीही नळी हलली नाही. मशीनच तसलं, काय हलणार!
"मशीन रुसलंय हो. तुम्ही निश्चिंत जा, दुरुस्त झालं की बोलावते," म्हटलं. बिचारा हसत गेला. येताना केवढा घाबरलेला होता! आठवड्यात तेवढं एकच काम बरं झालं.

९ जून, रविवार
झोपायचं ठरवलं होतं. चादरी धुतल्या.

११ जून
मेकॅनिक आला. सगळं उघडून, पुसून परत लावलं. "ताई, यात काही बिघाड नाही." मी त्याच्या अंगावरच गेले — मग हे काय दिसतंय मला? डॉक्टरबाई मध्ये पडल्या. "भांडू नका. जिभेखालचा फवारा आणा."
छातीत दुखणाऱ्यांना देतात तो. त्याला अस्तराची मध्यस्थी लागत नाही, थेट स्नायूलाच सैल करतो. म्हणजे मशीन खराब असेल तर फवाऱ्यानंतरही नळी तशीच दिसणार. माझ्या जिभेखाली मारला. डोकं ठणकायला लागलं. आणि पडद्यावर नळी — काय छान रुंदावली!
"बघा, म्हटलं नव्हतं?" मेकॅनिक खूश. मीही क्षणभर खूश, मशीन वाचलं म्हणून. मग बाईंकडे पाहिलं. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.
"जागरणानंही अस्तर थकतं. नीट झोपून किती दिवस झाले तुम्हाला?"
आठवेना. खुर्चीत बसून राहिले. पट्टा, जेल, मशीन सगळं तपासलं आणि हातावर शंका म्हणून घेतली नाही! भीती वाटली. खूप वाटली. त्यात तो ड्रायव्हर आठवला. म्हणजे त्याचीही नळी खरंच हलली नव्हती!

१२ जून
ड्रायव्हरला फोन केला. लागेपर्यंत जिवात जीव नव्हता.
"झालं का मशीन दुरुस्त?"
"मशीन बिघडलंच नव्हतं, दादा. चूक माझी. बस नका काढू, उद्या सकाळीच या."
तो म्हणाला, "पहिला नंबर माझाच ना?"
"दुसरा," म्हटलं. "पहिला माझा आहे."