वारजे येथील समुद्र व त्याच्या तळाची व्यवस्था

मी, श्रीमती मंदाकिनी माधव श्रोत्री, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार वारजे, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकावरून किंवा आग्रहावरून नव्हे, तर सकाळचे वर्तमानपत्र शब्दकोड्यासह संपवल्यानंतर पूर्ण शुद्धीत करत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. खुब्याचे हाड तेवढे शाबूत नाही, पण त्याचा मृत्युपत्राच्या वैधतेशी संबंध नाही, असे माझ्या वकील ॲड. तनुजा खांबेटे सांगतात. यापूर्वी मी कोणतेही लेखी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी सूचना मात्र आयुष्यभर पुष्कळ दिल्या. त्यांपैकी एक शेवटच्या कलमात रद्द केली आहे. बाकीच्या लागू राहतील.

१. माझे यजमान कै. माधव श्रोत्री पिंपरीच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रे तपासत असत. आम्हाला एकच मुलगा, चि. शौनक. तो आणि माझी सून सौ. सुरुची दोघेही खराडीला नोकरी करतात आणि तिकडेच राहतात. वारजे आणि खराडी ही शहराची दोन टोके आहेत. मुलगा हे अंतर सणावारी कापतो. सून ते किती वेळा कापत होती, हे मला उशिरा कळले. ते पुढे येईल.

२. हे मृत्युपत्र करण्याचे खरे कारण म्हणजे माझ्या हॉलमधली खाऱ्या पाण्याची टाकी व तिच्यात जिवंत असलेले प्रवाळ आणि मासे. बाकीची मिळकत माझ्यामागे कशीही वाटली तरी मरणार नाही. टाकी चार दिवस चुकीच्या हातात गेली तर मरेल. म्हणून बाकीचे आधी उरकते.

३. वारजे येथील सदनिका शौनक आणि सुरुची या दोघांना निम्मी निम्मी द्यावी. ती विकायची, भाड्याने द्यायची किंवा हॉलची भिंत पाडून तथाकथित ओपन किचन करायचे झाल्यास दोघांच्याही सह्या लागतील. शौनक म्हणेल, नवराबायकोत सह्या कशाला. म्हणूनच लिहिले आहे.

४. माझ्या पाटल्या आणि मोत्यांच्या कुड्या सुरुचीला. पृथ्वीचा गोल व भिंतीवरचे नकाशे माझ्या जुन्या शाळेला द्यावेत. गोलावर अरबी समुद्राच्या जागी शाईचा डाग आहे. तो मी पाडलेला नाही. कोणी पाडला हे मला ठाऊक आहे, आणि ते गृहस्थ आता सरकारी अधिकारी आहेत.

५. दीपमाला वानखडे ही मूळची वाशीमची, माझ्याकडे स्वयंपाकाला असते. माझ्या नावावरची पोस्टातली ठेव तिला द्यावी. तिने माझ्या आजारपणात मला उठवले, बसवले, आणि भाजीत गूळ घालण्यावरून माझ्याशी रोज भांडून माझी तब्येत सुधारली.

६. माझ्या खालच्या मजल्यावर श्री. वैजनाथ घुगे राहतात. ते आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आहेत. सोसायटीच्या सभेत ते उभे राहून म्हणाले होते, "श्रोत्रीबाईंनी घरात मासळीबाजार मांडलाय. त्या पाण्याच्या वजनानं उद्या आमच्या डोक्यावर छत आलं तर कोण बघणार?" मी म्हणाले, "आपण वर बघा. आधी कळेल." तेव्हापासून आमचे बोलणे नाही. त्यांना मी काही ठेवत नाही. मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवते. टाकीसाठी पाणी शुद्ध करताना आर.ओ. यंत्र जे पाणी बाहेर टाकते, ते मी कधी वाया घालवले नाही. ते एका बारीक नळीने खालच्या बागेत जाते. अध्यक्षांची जास्वंद आणि ज्याचे ते सर्वांना कौतुक सांगतात तो कढीपत्ता, दोन्ही माझ्या मासळीबाजाराच्या पाण्यावर वाढली आहेत. टाकी इथे असेतोवर ही नळी कोणी बंद करू नये. झाडांशी माझे वैर नाही.

७. आता टाकी.

मी नोकरीभर मुलांना प्रवाळ बेटे शिकवली आणि एकदाही पाहिली नाहीत. पुण्याला समुद्र नाही. आपल्या शहरात एवढी एक गोष्ट कमी आहे हे पुणेकर मान्य करतात, पण समुद्राची हवा दमट असते हेही लगेच जोडतात. माझ्या निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन मी घरी आले, तर हॉलमधले शोकेस नाहीसे झालेले आणि त्या जागी काचेची मोठी टाकी.

"मंदा, फळ्यावर खडूनं पुष्कळ काढलीस. आता खरी बघ," यजमान म्हणाले.

"अहो, पण शोकेस कुठंय?"

"भंगारात."

मी आठवडाभर धुसफुसत होते. मग पहिले प्रवाळ उघडले आणि मी शोकेस विसरले. हे प्रवाळ समुद्रातून तोडून आणलेले नाहीत, दुसऱ्यांच्या टाक्यांत वाढलेल्या तुकड्यांपासून वाढवलेले आहेत, हे कायदा जाणणाऱ्यांसाठी इथे लिहून ठेवते. क्लाउनफिशची एक जोडी आहे. त्या जातीत मादी मोठी आणि नर तिच्या धाकात असतो. त्यांना मी मुख्याध्यापिका आणि उपमुख्याध्यापक म्हणते.

या टाकीला समुद्राचे पाणी घरी करून द्यावे लागते. त्याचे मीठ बादलीत भरून विकत मिळते. बाथरूममध्ये निळे पिंप आहे. त्यात शुद्ध पाणी घ्यायचे, पंप लावून ते फिरते ठेवायचे, आणि फिरत्या पाण्यात मीठ थोडे थोडे सोडायचे. उलट केले, म्हणजे आधी मीठ ओतून वरून पाणी सोडले, तर मिठातला चुना आणि बाकीचे क्षार थोड्या पाण्यात एकदम एकत्र येतात, पांढरे होऊन वेगळे पडतात आणि तळाशी बसतात. एकदा बसलेले मग कितीही ढवळा, परत विरघळत नाहीत. सगळे नीट केले तरी थोडा तपकिरी साका तळाला राहतोच. तो टाकीच्या काही कामाचा नसतो. वरचे स्वच्छ पाणी घ्यायचे, साका फेकायचा, पिंप व्हिनेगरने धुवायचे.

यजमानांनी याची पाटी रंगवली होती : "मीठ पाण्यात घालावे. पाणी मिठात घालू नये. शंका असल्यास काहीच घालू नये." ती त्यांनी बाथरूमच्या दाराला आतल्या बाजूने ठोकली. त्यांना दार लावून काम करायची सवय होती, कारण पंपाच्या आवाजात मला मालिका ऐकू येत नसे. दार उघडे असले की पाटीचे तोंड भिंतीकडे होते. मापे तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या हे लक्षात आले नाही, आणि मला तर पाटी वाचायची गरजच नव्हती.

८. यजमान गेल्यावर टाकी मीच सांभाळली. गेल्या वर्षी मी पडले, खुब्याचे ऑपरेशन झाले आणि दवाखान्यात बरेच राहावे लागले. त्या काळात जे घडले त्यावरून मी पुढचा निर्णय केला आहे.

शौनकने त्याआधीच जेवताना मला स्पष्ट सांगितले होते, "आई, खरं सांगू का? तुझ्यानंतर हे सगळं मेन्टेन करणं मला जमणार नाही. कुणाला तरी देऊन टाकेन. मी प्रॅक्टिकली बोलतोय." मुलगा माझ्याशी खोटे बोलला नाही याचे मला समाधान आहे, आणि म्हणूनच टाकी त्याला देत नाही. मी दवाखान्यात असताना तो एका गिऱ्हाइकाला टाकी दाखवायला घेऊन आला. त्या वेळी सुरुची तिथे होती. ऑफिस सुटल्यावर खराडीहून वारज्याला येऊन ती माशांना खायला घालत होती, हे शौनकलाही नीट माहीत नव्हते. पुढचे दीपमालाने ऐकले आणि मला जसेच्या तसे सांगितले.

"आई घरी येईपर्यंत इथलं काही हलणार नाही," सुरुची म्हणाली.

"अगं, पण ती जगणार नाहीये."

"कोण?"

"टाकी गं!"

गिऱ्हाईक परत गेले. सुरुचीने टाकीचे पाणी बदलायला घेतले. तिने आर.ओ.ची नळी स्वयंपाकघरातून बाथरूममध्ये ओढली, म्हणून दार उघडे राहिले, म्हणून पाटी भिंतीकडे बघत राहिली. तिने आधी मीठ ओतले, वरून पाणी सोडले. पिंपाच्या तळाशी साक्याचा जाड थर बसला. इथपर्यंत ठीक होते. थर खाली ठेवून वरचे पाणी घेतले असते, तर ते कसाला थोडे कमी पडले असते, इतकेच. पण तिने तो थर कालथ्याने खरवडून काढला आणि सगळा टाकीत घातला.

टाकीचे ताक झाले. प्रवाळ मिटले. मासे दिसेनात. मीठ विकणाऱ्या माणसाला फोन करकरून तिने उपाय विचारला, रजा टाकली आणि पाणी निवळेपर्यंत बदलत राहिली. मी घरी आले तेव्हा मुख्याध्यापिका आणि उपमुख्याध्यापक आपापल्या जागी होते. हॅमर कोरल जातीचे एक प्रवाळ गेले होते. यजमानांनी आणलेले ते शेवटचे.

"आई, एक गेलं. माझ्या हातून काहीतरी चुकलं," सुरुची म्हणाली.

काय चुकले ते तिने सांगितले नाही. मी पिंपाच्या तळाचे ओरखडे पाहिले आणि दीपमालाला विचारले.

"वहिनी लय रडल्या ना जी," दीपमाला म्हणाली. "पिंपाच्या तळचं सारं खरवडून टाकीत घालत होत्या. मी म्हटलं, कायले घालता? तर म्हणे, आईंनी लग्न झाल्यावर पयल्याच महिन्यात सांगितलं होतं, या घरात तळाचं टाकत नाहीत."

मला आठवायला वेळ लागला नाही. सुरुची घरात नवी होती. मी लोणी कढवून तूप गाळून ठेवले होते, आणि तिने कामाला हात लावावा म्हणून पातेले घासायला घेतले. तळाची बेरी मोरीत गेली. आमच्याकडे बेरीत साखर घालून खातात, शौनकचा तर त्यावर जीव. मी म्हणाले, "सुरुची, या घरात तळाचं टाकत नाहीत. सगळं सत्त्व तळाशीच असतं." ती "हो आई" म्हणाली. माझ्या डोक्यातून ते संध्याकाळपर्यंत गेले. तिने जपून ठेवले, आणि सासूच्या समुद्रावर संकट आल्यावर तिला तेच आठवले.

सुरुचीबद्दल मला त्या दिवशी फार माया वाटली. आमच्यात माया बोलून दाखवायची पद्धत नाही. मृत्युपत्रात लिहायचीही नाही. ॲड. तनुजाबाईंनी हे वाक्य अनावश्यक म्हणून खोडले होते. मी परत घातले आहे.

९. सबब, सदर टाकी, तिच्यातले सर्व जीव, दगड, वाळू व दिवे, निळे पिंप, पंप, आर.ओ. यंत्र, खारेपणा मोजायचे उपकरण आणि शिल्लक मीठ हे सर्व मी एकट्या सुरुचीला देत आहे. शौनकचा यात हिस्सा नाही. त्याने समोर बसून बघावे, त्याला बंदी नाही. टाकी वारज्यात ठेवायची, खराडीला न्यायची की दुसऱ्या जाणत्या माणसाला द्यायची, हे सुरुची ठरवेल. तिला झेपले नाही म्हणून टाकी बंद केली, तर तिला कोणी बोल लावू नये. मी पण लावणार नाही, आणि त्या वेळी मला ते सोपेही जाईल.

यजमानांची पाटी दारावरून काढून पिंपाच्या वर, तोंड माणसाकडे करून लावावी.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी ॲड. तनुजा खांबेटे यांना नेमत आहे. त्यांनी या मसुद्यातून मजकूर कमी करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. त्या चांगल्या वकील आहेत.

११. सौ. सुरुची हिला बेरीच्या प्रसंगी दिलेली "तळाचं टाकत नाहीत" ही माझी तोंडी सूचना मी या मृत्युपत्राने कायमची रद्द करते. पिंपाचा साका तिने फेकून द्यावा. बेरी खावी किंवा टाकावी, तिची मर्जी. इतक्या वर्षांत मी तिला जे काही बोलले आणि ज्यातले काही तिच्या मनाच्या तळाशी बसून राहिले असेल, तेही तिने खुशाल टाकून द्यावे. त्यावर माझा अगर माझ्यामागे कोणाचाही हक्क राहणार नाही.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून, चष्मा लावून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केले आहे.

ठिकाण : वारजे, पुणे
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सही : मंदाकिनी माधव श्रोत्री

साक्षीदार :

१. डॉ. प्रज्ञेश सोवनी, वारजे. बाईंची प्रकृती तपासली. बुद्धी तल्लख आहे, याचा अनुभवही घेतला.

२. वैजनाथ रंगनाथ घुगे, अध्यक्ष. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकीलबाईंनी सांगितले होते. तरी वाचला. टाकी येथेच राहावी आणि नळी चालू असावी, ही सूनबाईंना विनंती.