पित्ताशय जागेवर आहे

प्रिय आई,

अल्बुकर्कीहून लिहितेय. गर्भपात काल झाला. मी बरी आहे, ओटीपोटात जरा दुखतं एवढंच. पाच तास गाडी हाकून तुझा जावई डेल दमलाय, मोटेलच्या खुर्चीतच घोरतोय. पोरं तुला छळत नाहीत ना? वेस्लीचा खोकला कसा आहे?

शेजारच्या जोलीनचा फोन आला होता. चर्चमध्ये तू माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे म्हणून सांगितलंस म्हणे! आता प्रार्थनेच्या यादीत माझं पित्ताशय, आणि तुझ्या फ्रीजरमध्ये बायकांनी आणून दिलेले चिकन-भाताचे सात ट्रे. आधी मी खूप हसले, मग रागच आला.

आई, गर्भपातावर बंदी घालून टेक्सासने मला राज्याबाहेर पिटाळलं, तेवढं पुरे झालं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "हे तुमचं स्वतःचं ठरलंय ना?" आपल्या गावात हे मला कधी कुणी विचारलंच नाही. लग्नाच्या वेळीही नाही.

तू घाबरलीस, कळतं मला. दर रविवारी त्याच बाकावर तुला बसायचंय. पण खोटं बोलायला मी काही चोरी केलेली नाही.

ट्रे रिकामे झाले की धुऊन ठेव, परत मात्र करू नकोस. खाली प्रत्येकीचं नाव चिकटवलेलं असतंच. मी स्वतः घरोघर जाईन, जेवणाबद्दल मनापासून आभार मानीन, आणि तब्येत विचारली की खरं तेच सांगेन.

पाद्रीबाईंचा ट्रे सगळ्यात वर ठेव. सुरुवात त्यांच्यापासूनच करते.

पोरांना पापे.

तुझ्यासारखीच हट्टी,
केंड्रा