लाल फडक्याखालचं बिऱ्हाड

जिंतूर,
रविवार दुपार

तीर्थस्वरूप कस्तुराअक्कांना रंगनाथचा नमस्कार. तुमच्या दोन्ही गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण कुठे जायचं आणि कुठे नाही हे हल्ली तेच ठरवतात असं आबासाहेब सांगत होते. (तुमचा हा धाकटा भाऊ सांगतो त्यातलं निम्मं मी सोडून देतो, पण गुडघ्यांचं खरं धरलं आहे.) सोनपेठला ऊन कसं आहे? इकडे कूलरसुद्धा बसून घेतो. डोळ्यांचे थेंब घालता ना?

धाकटी बहीण, माझी रोहिणी, गेली त्याचं तुमचं दुःख बाजूला ठेवून तुम्ही मला रोज फोन करता. "रंगनाथराव, जेवलात का?" मी हो म्हणतो. "झोप लागती का?" हो. पुढचं मला फोनवर बोलता येत नाही, मग तुम्ही उसासा टाकता आणि फोन ठेवता. तुम्हाला वाटत असेल मी इथे भिंतीकडे बघत रडत बसलोय. तसं काही नाही. रडायला सवड मिळत नाही. घरात मुंगळे आहेत.

रोहिणी शाळेत विज्ञान शिकवायची तेव्हा मुलांना दाखवायला तिने काळ्या मुंगळ्यांची एक राणी काचेच्या नळीत धरून आणली होती, हे तुम्हाला माहीत आहे. मुलांचं बघून झालं, राणी आमच्याकडेच राहिली आणि तिला लेकरं होत गेली. त्यांच्यासाठी रोहिणीने पीओपीचा विटेएवढा ठोकळा ओतला, आत खोल्या आणि गल्ल्या, वर काच, शेजारी मिठाईचा पारदर्शक डबा, ते त्यांचं अंगण. सगळ्यावर लाल फडकं. लाल फडक्याआड मुंगळ्यांना अंधार आहे असंच वाटतं म्हणे आणि ते निवांत राहतात. (आमच्या घरात एवढा समजून घेतलेला दुसरा प्राणी नाही. मी धरून.)

दहाव्याला बायका नदीवर येत नाहीत, त्यामुळे तिथलं सगळं तुम्हाला आबासाहेबांकडून कळलं असणार, म्हणजे कळलेलं नसणार. पिंड ठेवला. कावळा येऊन बाभळीवर बसला, पण उतरेना. मग तिची कुठली इच्छा राहिली यावर चर्चा सुरू झाली आणि एकेकजण पुढे होऊन वचनं देऊ लागला. आबासाहेब म्हणाले, "ताई, निकिताचं लगीन थाटात करतो, तू काळजी करू नकू." (आमची लेक पुण्याहून येतानाच सांगून आली होती की लग्नाचा विषय निघाला तर ती परतीची गाडी पकडेल. कावळ्याला ते माहीत असावं.) नंतर बजरंगकाका, माझे चुलते, भावकीत वयाने आणि आवाजाने सगळ्यांत मोठे, ते छत्री घेऊन पुढे झाले. "सूनबाई, रंगनाथ दुसरं लगीन करनार न्हाई!" कावळ्याने मान वळवली. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, तिला वाटत आसंल की करावं म्हणून." काकांनी जागेवरच वचन फिरवलं, "बरं, करंल!" कावळ्याला दोन्हीत रस नव्हता आणि मला कुणी विचारलेलं नव्हतं. ऊन चढलं, जेवणं खोळंबली, आणि मीच काहीतरी दडवून ठेवलंय अशा नजरेने सगळे माझ्याकडे बघू लागले. शेवटी मी पुटपुटलो, मुंगळे सांभाळीन. कावळा सरळ खाली आला. (त्याच वेळी काकांनी छत्री मिटली होती. कावळा छत्रीलाच बिचकत होता असं माझं मत आहे, पण वचन दिलं ते दिलं.)

तोवर मुंगळे अर्धमेले झाले होते, कारण तेही सुतकात होते. साखरपाणी त्यांना पुरतं, पण आतल्या अळ्यांना किडे लागतात. म्हणून पहिल्या दिवसांत मी मोरीत एक झुरळ मारून गरम पाण्यातून काढत होतो, तेवढ्यात बजरंगकाका मागे येऊन उभे. "काय करायलास रं?" सांगितलं. "सुतकात वशाट? घरात?" मी म्हणालो, काका, हे मुंगळ्यांसाठी आहे. काकांनी थोडा विचार केला. "मुंगळे घरातलेच न्हवं का? मंग त्यांनाबी सुतक." झुरळ जप्त झालं. तेराव्यापर्यंत मुंगळ्यांनी बिनतक्रार वरणाचं पाणी घेतलं. भावकीतल्या किती जणांनी तेवढं पाळलं ते मी लिहीत नाही. ढाब्यावरून परत आलेल्यांच्या मिशांना येणारा वास मला ओळखू येतो.

खरा घोटाळा भेटायला येणाऱ्यांनी केला. ठोकळा बैठकीत रोहिणीच्या फोटोशेजारी होता, कारण त्या कोपऱ्यात ऊन येत नाही. आता हार घातलेल्या फोटोशेजारी लाल फडक्याने झाकलेलं काही दिसलं की आपल्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात. पहिल्या बाईने हळदकुंकू वाहिलं. ते बघून दुसरीने खडीसाखर ठेवली. मला सांगायचं होतं. पण समोरचं माणूस डोळे मिटून उभं असताना "ते मुंगळे आहेत" हे वाक्य नेमकं कुठे घालावं हे मला कळलं नाही. एकीने विचारलं, "कुठली देवी हाय?" मी म्हणालो, घरचीच. एवढाच काय तो माझा सहभाग. मग शेजारच्या बबिताकाकूंनी एका बाजूला दिवा लावला आणि दुसऱ्या बाजूने श्रद्धेने तांब्याभर पाणी ओतलं. एकीकडून तापलेला आणि दुसरीकडून भिजलेला ठोकळा उभा तडकला. फडकं उचललं तर राणी तड्याच्या कडेला, आणि सगळी प्रजा अंडी तोंडात धरून एस.टी. चुकल्यासारखी इकडून तिकडे.

त्यांना मी तात्पुरतं काचेच्या नळ्यांत हलवलं. नळीत पाणी भरायचं, पुढे कापसाचा बोळा लावायचा, तो ओला राहतो आणि मुंगळे त्यावर पाणी पितात. मी जिनिंगमध्ये हिशेबनीस, कापसाला काय तोटा? गाठीतला पांढराशुभ्र कापूस आणून बोळे केले. अक्का, तो कापूस पाणी पीतच नाही. त्याच्या अंगात निसर्गाने दिलेलं मेण असतं, मेडिकलमध्ये मिळतो तो कापूस ते काढून टाकलेला असतो. सगळी नोकरी कापसात काढली आणि हे मला तहानलेल्या मुंगळ्यांकडून कळलं.

नळ्यांत ते कायमचे राहू शकत नाहीत. उन्हाने नळी तापते आणि रोज दोनचार मेलेले निघतात. राणी गेली तर सगळं संपलं, कारण नवी लेकरं तीच देते. म्हणून घर बांधणं भाग होतं. आमच्या गल्लीतला भुजंग मिस्त्री म्हणाला, "पीओपी कशाला, साहेब? दोन पावसाळ्यात फुगंल. मी पक्कं बांधून देतो की." मी नको म्हणेपर्यंत (म्हणजे मला नको म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात) त्याने सिमेंटचं बांधून आणलं. वर स्लॅब, दाराला उंबरठा, स्लॅबवर छोटे सळ्यांचे तुकडे बाहेर ठेवलेले. ते कशाला विचारलं तर म्हणाला, "उद्या वरचा मजला चढवायचा म्हणलं तर?" तोंड पूर्वेला. स्वयंपाकघर आग्नेयेला काढलं होतं. मुंगळ्यांनी एक टेहळ्या पाठवला, तो उंबरठ्यावर मिशा पुसून परत आला आणि नंतर कुणी फिरकलं नाही. भुजंगला वाईट वाटलं. "वास्तुशांत केली न्हाई ना, म्हणून," म्हणाला.

मग मीच पीओपी कालवायला बसलो. पहिलं पातळ झालं, ते अजून ओलंच आहे. दुसरं घट्ट झालं आणि पातेल्यातच बसलं, उलथण्यासकट. (पातेलं तुम्ही लग्नात दिलेलं. उलथणं धरून उचललं की सगळंच उचललं जातं, त्या अर्थी मजबूत आहे.) मुंगळे वर चढून येऊ नयेत म्हणून डब्याच्या काठाला आतून टाल्कम पावडर लावावी लागते, त्यावरून ते घसरतात. घरातली संपली म्हणून दुकानात जाऊन रोहिणीची तीच गुलाबी डबी मागितली. जिनिंगच्या हिशेबनिसाने बायको जाताच पावडर लावायला सुरुवात केली, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आबासाहेबांनी मला फोन करून पावडरीचा उल्लेखही न करता एक स्थळ सुचवलं. मी हो म्हणालो, कारण फोन होता. ते तेवढं तुम्ही मोडून टाका.

बाकी सर्व ठीक. निकिताचा फोन येतो. गुडघ्यांना जपा, थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
रंगनाथ

ता. क. १ : मूळ काम लिहायचं राहिलं. पीओपीत पाणी किती, हे रोहिणीने तुम्हाला मोबाईलवर बोलून पाठवलं होतं म्हणे. ती मुंगळ्यांचं घर बनवताना तुम्हाला लांबलचक बोललेलं पाठवत असायची आणि तुम्ही वैतागायचात, हे मला आतल्या खोलीत ऐकू यायचं. ते तेवढं मला पाठवा. बालाजी घरी आला की त्याच्याकडून करून घ्या, तुमच्या नातवाला ते जमतं. राणीचा प्रश्न आहे.

ता. क. २ : खरं तर राणीचा प्रश्न मिटला आहे. तिसरा ठोकळा बरोबर जमला. परवा संध्याकाळी तो नळीला जोडला आणि मी कपडे वाळत घालून येईपर्यंत सगळे आत गेले होते, राणी स्वतःच्या पायांनी चालत गेली. नवी अंडीही दिसली. तरी पाठवा. आम्ही एकाच घरात राहत होतो, त्यामुळे मला काही बोलून पाठवायची तिच्यावर कधी वेळच आली नाही. माझ्या मोबाईलमध्ये तिचं बोललेलं एकही नाही. पीओपीचंच पाहिजे असं नाही, भाजीचं, शाळेचं, कुणाच्याही चहाड्यांचं चालेल. माझ्याविरुद्ध बोलली असेल ते आधी पाठवा, ते लांब असणार.