मेहुण्याच्या बोटीचा तळ

रविवार, संध्याकाळ

गेल्या वर्षी मेहुण्यानं, सुधीरनं, मला जुनी शिडाची बोट विकली. वर ताजा रंग, खाली कुजका तळ. खाडीत पाणी शिरलं, माझी लेक बुडता बुडता वाचली.

आज मलकापूरचं एक गिऱ्हाईक त्याची दुसरी बोट बघायला आलं. मी न बोलावता गेलो. तळाच्या फळ्या ठोकून पाहिल्या. टणटण, टणटण, मग भद्द. तिथं स्क्रूड्रायव्हर दाबला, मुठीपर्यंत आत गेला. गिऱ्हाईक निघून गेलं.

"घरचा माणूस असून असं केलंस व्हय?" सुधीर म्हणाला.

"मला विकलीस तवाबी मी घरचाच हुतो की."

ते भद्द अजून कानात गोड वाजतंय. बायको जेवायला हाक मारतेय. तिच्या भावाचं हे तिला कसं सांगू? वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही.